नाक सासूचं, हात सुनेचे

सोलकाकू दुपारपासूनच घेते, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. माहीत म्हणजे काय, तर नळावर ठरलं होतं. "भिंत धरून चालते गं," एक म्हणायची. दुसरी लगेच, "आणि परवा माझ्याकडे बघून उगाच हसली. मी काय विदूषक आहे?" तिसरी, जिन्याजवळची शिलाईवाली, नाक चिमटीत धरून गेंगाण्या आवाजात सांगायची, "दार उघडलं की भपकारा येतो, भपकारा!"

या तिघींची नक्कल मी झोपेतही करीन. सोलकाकूचीही करायचे. भिंत धरून चालणं सोपं आहे. अवघड आहे ते पुढचं. चालता चालता तिची एक चप्पल मागे राहते आणि तिला पत्ताच नसतो. चार पावलं तशीच जाते, मग कुणीतरी ओरडतं, "काकू, चप्पल!" तेव्हा ती खाली बघते आणि मग तिला कळतं. हे मला कधी जमलं नाही. माझी चप्पल सुटली की माझ्या पायाला आधी कळायचं. तिच्या पायाला का कळत नाही, हा प्रश्न मला नक्कल फसल्यावर पडला, हे कबूल करते.

तर, सोलकाकू घेत नाही. थेंबभरही नाही. भपकारा येतो तो सोल्युशनचा, म्हणजे बुटाला सोल चिकटवायच्या पिवळ्या खळीचा. काकू घरी बसून ते काम करते. एकच खोली. एका भिंतीला ओल, तिला टेकून सासूबाईंची खाट. दुसऱ्या भिंतीला शेगडी. मधल्या जागेत बुटांचा ढीग आणि ढिगात काकू. काका लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस पाहुण्यासारखे येतात. खिडकी आहे, पण ती बंद. पंखा आहे, तोही बंद. कारण वारा लागला की सोल्युशन वरवर सुकतं, आत ओलं राहतं, आणि असा चिकटवलेला बूट आठ दिवसांत पुढून तोंड उघडतो. याला त्या धंद्यात 'बूट हसला' म्हणतात. हसलेला बूट परत येतो आणि त्याच्याबरोबर माल आणणारे शेठही येतात. "ताई, बघा बघा, हसतोय! तुम्हाला हसतोय का मला हसतोय?" असं ते दोन बोटांनी बूट नाचवत विचारतात. काकू मान खाली घालून म्हणते, "द्या इकडे." बस्स, दोनच शब्द.

सोल्युशन लावलं की लगेच चिकटवायचं नसतं. त्याचा उग्र वास उतरला की मग दाबायचं. पण काकूचं नाक वर्षभरापूर्वीच गेलं. आणि सासूबाई? कमरेपासून खाली अंग हलत नाही, पण नाक मांजरासारखं. म्हणून त्या घरात असं चालतं:

"आई, उतरला का?"

"आहे अजून. थांब."

काकू थांबते. हातात बूट, नजर भिंतीवर.

"आता?"

"थांब म्हटलं ना! घाई कुणाची झालीये? ... हं. दाब."

आणि काकू सगळा भार टाकून सोल दाबते. असे दिवसाला साठ-सत्तर जोड. मी एकदा खाटेमागून सासूबाईंच्या आवाजात "दाब" म्हणाले, तर काकूने दाबलाही. सासूबाई म्हणाल्या, "ए कार्टे, माझी नोकरी खातेस होय?" काकू हसली, आणि मग बराच वेळ हसतच राहिली. थांबता येईना तिला. तिचं डोकं त्या वासाने हलकं झालं होतं. नळावरच्या बाईकडे बघून हसली होती, ते हसू हेच. त्या दिवशी मला त्यात काही गंमत वाटली नाही.

मग एके सकाळी शेगडीवरून उडालेला निखारा तिच्या पायावर पडला, आणि वास सासूबाईंना आला. "अगं, काहीतरी जळतंय!" काकू भात बघायला उठली. भात नव्हता जळत.

माझी आई काकूला दवाखान्यात घेऊन गेली, मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी तळव्यापासून वर वर टाचणी टोचत नेली. "इथे कळतं? इथे? इथे?" काकूचं उत्तर गुडघ्याच्या जरा खाली सुरू झालं. डॉक्टरीणबाई भराभर बोलतात, रेल्वेची घोषणा वाटावी अशा: "हे त्या खळीचंच आहे, आता सोडलंत तर पायात जान येईल, वेळ लागेल, पण येईल, आणि नाही सोडलंत तर," एवढ्यात त्यांना शिक्का सापडेना. तो शोधून त्यांनी कागदावर मारला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ते वाक्य तिथेच राहिलं. काकूनेही विचारलं नाही.

सुटका नव्हती असं नाही. शेठच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर एक जागा रिकामी होती. मोठा हॉल, वारा खेळता, खळीचं काम दुसऱ्या इमारतीत. "शनिवारपर्यंत थांबतो ताई, मग दुसरी बसवतो," शेठ म्हणाले होते. सासूबाईंकडे दिवसभर बघायला माझी आई तयार होती. पण सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "माझं सगळं ही करते. मला परक्याचा हात नको." मग खूप हळू, "लाज वाटते गं." त्यांचा हा आवाज मी कधीच कुणाला काढून दाखवलेला नाही.

काकू म्हणाली, "झालं तर मग. आणि मला कुठे काय झालंय? थोडं बधिर आहे, तेही थंडीनं."

शुक्रवारी दुपारी मी गेले ती सँडल न काढताच सरळ खिडकी उघडून टाकली. "काकू, पैज. तू डोळे मिटायचे. मी पायाला हात लावणार, तू सांगायचं, डावा की उजवा. पाच वेळा. एक जरी चुकलीस तर उद्या कारखान्यात जायचं."

"आणि नाही चुकले तर?"

"तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही."

"तू आणि गप्प?" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "खेळ गं, खेळ. घरात जरा शांतता तरी होईल."

काकूने हात पुसले, पाय पुढे केले. जळलेल्या जागी अजून पट्टी होती. मी समोर उकिडवी बसले.

"डावा," ती म्हणाली. बरोबर.

"उजवा." बरोबर.

"पुन्हा उजवा." तेही बरोबर.

"डावा."

पाचव्या वेळी मी तिच्या उजव्या करंगळीत नख रुतवलं, चांगलं पांढरं होईपर्यंत. पाय हलला नाही. बोटसुद्धा आकसलं नाही. फक्त तिची मान जराशी कलली, माझ्या सँडलकडे. मी ज्या पायाकडे झुकायचे त्या बाजूची सँडल करकरत होती. आयुष्यभर बूट हाताळलेली बाई. पाय गेले होते, नाक गेलं होतं, कान शाबूत होते.

"उजवा," ती म्हणाली आणि डोळे उघडले.

मला कळलंय हे तिला कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, थकून. कसं ओळखायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. पाचांपैकी पाच बरोबर होते.

"हरलीस," काकू म्हणाली. तिने ढिगातून पुढचा बूट ओढला. "लाव आता ती खिडकी."

मी खिडकी लावली.