विलास मागे फिरला होता

आमच्या बटालियनची मोहीम लडाखमध्ये होती. सात हजार मीटरच्या वरचं शिखर, आणि त्याच्या माथ्यावर पलटणीचा झेंडा लावायचा. पुढच्या दोरीचा कमांडर मी. हवालदार प्रकाश, राहणार चांदूर रेल्वे, आता पेन्शनीत. मागे वरूडचा नाईक विलास आणि अकोल्याचा लान्स नाईक गजानन. एका दोरीला तीन वऱ्हाडी, म्हणून बाकीचे आम्हाला 'ऑरेंज पार्टी' म्हणत. विलासच्या घरी संत्र्याचा बगीचा होता आणि तो त्याबद्दल इतकं बोलायचा की कान किटायचे.

इथं पंख्याखाली बसून लोकांना वाटतं, पहाड चढणं म्हणजे छाती काढून वर जाणं. कसली छाती! सामान वर न्यायचं, झोपायला खाली यायचं, दुसऱ्या दिवशी तेच. बर्फ वितळवून पाणी करायचं. जेवण घशाखाली उतरत नाही. बूट घालताना मधेच थांबून दम घ्यावा लागतो.

तिथं एक नियम होता. रोज सकाळी तंबूबाहेर बर्फावर दोर सरळ ताणायचा आणि प्रत्येकानं त्यावरून एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चालायचं. एवढ्या उंचीवर डोक्याला सूज येते, आणि ती आधी पायात दिसते. पाय दोरावरून घसरला तर माणूस त्याच वेळी खाली. रँक कोणतीही असो.

नियम होता, पण पोरं त्यात लपवाछपवी करायची. खाली पाठवलं म्हणजे नाक कापलं, असा हिशेब. जोडीदारही गाववाल्यासाठी डोळेझाक करायचा. आमचे वऱ्हाडी तर यात सगळ्यांच्या पुढे. ताप असो, पाय मोडो, उत्तर एकच, "काही नाही होत बे."

शेवटच्या कॅम्पवर, समिटच्या आदल्या सकाळी, विलासचा पाय घसरला. गजानन लगेच म्हणाला, "पुन्ना चाल बे. झोप नाही झाली म्हनून होऊन राहिलं." विलास पुन्हा चालला, पुन्हा घसरला.

"पाय बर्फावरून सटकला म्हनून सांगू," गजानन म्हणाला.

"नाही गजू. माहा पाय माहं ऐकून नाही राहिला." मग माझ्याकडे पाहिलं. "उस्ताद, मले खाली न्या."

समोर शिखर दिसत होतं. एका दिवसाचं काम. अशा वेळी हे तोंडातून काढायला किती जिगर लागते, हे वर गेलेल्यालाच विचारा.

मी वायरलेस सेट उचलला. "बेस, अल्फा. एक जवान बीमार, लाइन टेस्ट फेल. नीचे ला रहे हैं. दीवार पर चार आदमी चाहिए. ओव्हर."

"अल्फा, वेट. आउट."

आमच्या खाली बर्फाची उभी भिंत होती. न चालणाऱ्या माणसाला दोघांनी तिथून उतरवणं शक्यच नव्हतं. खालच्या कॅम्पवरची चार माणसं बूट घालून तयार होती. फक्त हुकूम हवा होता.

तासानं सेट बोलला. "अल्फा, उसको टेंट में आराम दो. कल समिट करके ले आना. मौसम सिर्फ कल का है."

"साहब, कल तक नहीं टिकेगा. ओव्हर."

"वेट."

वेट! बेस कॅम्पला मोठे पाहुणे यायचे होते. त्याआधी झेंड्याचा फोटो पाहिजे होता. विलास तंबूत उलट्या करत होता, गजानन त्याचं डोकं धरून बसला होता, आणि मी दर दहा मिनिटांनी त्या सेटशी भांडत होतो. शिव्याही दिल्या. त्याची चौकशी नंतर माझ्यावर बसली. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

हुकूम दुपारी आला. ढगही तेव्हाच आले. चौघं वर पोचली तोवर विलासला उभं राहता येत नव्हतं. त्याला स्लीपिंग बॅगसकट बांधून, वाऱ्यात, दोरीनं इंच इंच खाली सोडलं. भिंतीच्या पायथ्याशी मी त्याच्या तोंडाजवळ कान नेला तेव्हा श्वास होता. कॅम्प दिसू लागला तेव्हा नव्हता. सकाळीच निघालो असतो तर दुपारी तो डॉक्टरपुढे असता.

माझ्या पायाची बोटं गेली. आधी दवाखाना, मग चौकशी, वर्षभर मला वरूडला जाता आलं नाही, आणि हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्याचं शव घेऊन दुसरेच लोक वरूडला गेले, आणि त्यांना जे सांगितलं होतं ते त्यांनी घरच्यांना सांगितलं.

ते काय होतं, हे मला वर्षश्राद्धाच्या कार्यक्रमात कळलं. पोरांना गिर्यारोहण शिकवणारे एक सर होते. पोरांच्या टी-शर्टवर विलासचा फोटो आणि खाली 'मागे फिरणे नाही'. सर माइकवर ओरडत होते, "विलासभाऊंना त्रास होत होता. पण ते म्हणाले, झेंडा लावल्याशिवाय परतणार नाही!" टाळ्या पडल्या.

माझं डोकंच सटकलं. लंगडत गेलो आणि माइक ओढून घेतला.

"साफ खोटं हाये हे."

"साहेब, मुलांसमोर कशाला? त्यांना प्रेरणा..."

"कायची प्रेरणा? मराची? उद्या यातल्या एखाद्याचं डोकं दुखलं तर तो तुमाले सांगन काय?"

मग मी सगळं सांगितलं. दोर, सेट, वेट, सगळं. पहिल्या रांगेतून विलासची बायको सुनीता उठली, कडेवर पोरगी.

"दादा, म्हंजे त्यायनं हट्ट नव्हता केला?"

"नाही वहिनी. सगळ्यात पयले तोच म्हनला, खाली न्या."

"साल झालं, मी त्यायच्या फोटोकडे धड पाह्यलं नाही. राग होता मले. आमच्याहून झेंडा मोठा झाला काय, असं वाटे." तिनं पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली. "शेवटी काही बोलले काय?"

"बोलला. भिंत उतरल्यावर. 'सुनीताले सांगजा, मी निंगालो म्हनून.'"

तिनं पोरीचं तोंड स्वतःकडे वळवलं.

"येऊन राहिले होते," ती म्हणाली. "आयकलं काय गं? तुहे बाबा घरी येऊन राहिले होते."