भर दिवसा लावलेलं दार

जालन्याच्या तमाम मस्तगडकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका दुपारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, मी माझ्या घराचं पुढचं दार आतून लावलं होतं.

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या गल्लीत दिवसा दार लागतं ते दोनच कारणांनी: घरचे गावाला गेलेत, नाहीतर घरात काहीतरी झालंय. त्यातून मी ब्लाऊज शिवणारी. माझा उंबरा म्हणजे अर्ध्या गल्लीची बसायची जागा.

कारण मात्र गोड होतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाल्यावर, पन्नाशीच्या तोंडावर, माझ्या आयुष्यात एक माणूस आला होता. एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. माझा हात हातात घेण्याआधी त्याने सांगून टाकलं की त्याला एचआयव्ही आहे आणि औषध नुकतंच सुरू झालंय. हे त्याने जगात फक्त मला सांगितलं होतं. कारखान्यात कळलं तर शेजारी बसून कोणी डबा खाणार नाही, ही त्याची धास्ती. मी शब्द दिला होता, तुमचं नाव माझ्या तोंडून कधी निघणार नाही.

त्याच्या औषधाने विषाणू पुरता दबला की मला धोका उरणार नव्हता. पण त्याला काही महिने लागतात, आणि तोवर मी रोज एक गोळी घेतली तर लागण टळते, एवढं मी वाचून काढलं होतं. ती गोळी मागायला जायचं कुठे? जालन्यात कुठल्याही दवाखान्याच्या रांगेत माझ्या मापाच्या वहीतल्या चौघी तरी उभ्या असतात. म्हणून पुण्याच्या डॉक्टरीणबाई, मोबाइलवर. रक्त न्यायला माणूस घरी आला तेव्हा गल्लीने आपसात माझी शुगर ठरवून टाकली. मीही नाही म्हटलं नाही.

ती दुपार मला अजून पाण्याखालची असल्यासारखी आठवते. दार लावल्याबरोबर घर अनोळखी झालं. फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्टीत दोऱ्याचे तुकडे तरंगत होते. शिवणयंत्राला टेकवलेल्या मोबाइलमध्ये भाचीच्या वयाचा एक चेहरा उमटला, विरला, पुन्हा उमटला. घरात एकट्याच आहात ना, असं डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं. मग किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत म्हणाल्या. गोळी रोज एकाच वेळेला, महिन्याभराने पुन्हा रक्त तपासायचं, मग दर तीन महिन्यांनी. गोळ्यांचा डबा कुरिअरने येईल, वर काही लिहिलेलं नसेल. मी मान डोलवत होते. इतक्या हळू आवाजात माझ्या शरीराविषयी माझ्याशी कोणी बोललं, त्याला किती वर्षं झाली असतील, याचा विचार करता करता मी कुठेतरी दूर निघून गेले होते.

माझा आवाज मात्र जागेवरच होता. गणपतीच्या नाटकांत वीस वर्षं काम करून मी तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकलेय. कुजबुज मला येत नाही. जोडीदाराचं औषध सुरू होऊन किती महिने झाले, या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं, ते बहुतेक पलीकडच्या चौकातही पोचलं.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. बाहेर सात-आठ बायका, एकीच्या हातात पाण्याचा तांब्या. दार लागलेलं बघून मी चक्कर येऊन पडले असणार, असं त्यांनी धरलं होतं. मी दार उघडलं आणि कपाळाला हात लावून डोकेदुखीचा असा सुंदर प्रवेश केला की त्या हळहळत परत गेल्या.

गेल्या नाहीत त्या फक्त शेजारच्या काकू. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत, आणि तिला एक झरोका. त्या सरळ आत आल्या, दार पुन्हा लावलं आणि माझ्या स्टुलावर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणी आलंय का, नंतर बोलू या का? काकूंनी काय काय ऐकलं, कुठपासून ऐकलं, त्याचं नाव मी बेसावधपणे घेतलं तर नाही ना, मला काहीच आठवेना.

काकूंनी पदर सावरला, मोबाइलमधल्या चेहऱ्याला रीतसर नमस्कार केला आणि माझ्याकडे वळल्या.

"गोळीचं बराबर समजलं मला, घे ती बिनघोर. पर आता जल्दी सांग, मानूस कोन हाय?"