अंगी लागलेली लस

बेळगावच्या दवाखान्यात आम्ही रक्ताच्या कॅन्सरचे पेशंट दर महिन्याला भेटायचो. त्यात निपाणीच्या एक आक्का होत्या, विड्या वळणाऱ्या; लेक कोल्हापूरला दिलेली. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या सगळ्यांपासून लांब बसायच्या आणि तिथूनच अख्ख्या व्हरांड्याशी गप्पा मारायच्या. कुणी जवळ सरकलं की म्हणायच्या, "लांबनंच बोल रं, मला ऐकू येतंय."

कोरोनाची लस घेऊनही आमच्यापैकी बहुतेकांच्या रक्तात प्रतिकारशक्ती तयार झाली नव्हती. एकदा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अशा पेशंटांसाठी जादा बूस्टरची चाचणी घ्यायची आहे. धोकेही समजावले. कोण येणार, विचारलं. माझ्या शेजारचा पुटपुटला, "आमच्यावर प्रयोग करत्यात."

आक्का उठल्या. "करू देत की! न्हाय लागू पडली तर तेबी कुणाला तरी कळाय नको व्हय?"

चाचणीच्या दिवशी त्यांनीच पहिल्यांदा दंड पुढे केला. त्यांच्यामागून मी गेलो.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आले. माझ्या रक्तात थोडी प्रतिकारशक्ती आली होती, आक्कांच्या रक्तात भरपूर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्क सोडू नका, पण आता घरच्यांना भेटा."

आक्का मास्क नीट बसवून कोल्हापूरच्या गाडीसाठी ताडताड जिना उतरू लागल्या. अर्ध्यावरून त्यांचा आवाज आला,

"लेकीच्या पोरीला अजून कडेवर घेतलं न्हाय मी. आज घेणार!"