कागदावर अठरा

केदारखेड्याच्या चतुराबाईनं जन्मात एकच मोठी थाप मारली, आणि तीही मास्तरांपुढं. आई-बाप गेलेली भावाची पोर, कौसल्या, तिच्या पदरात होती. विधवा बाई रोजानं खुरपायला जाणार, तर पाच वर्षांची पोर ठेवायची कुणाकडं? शाळेत सहा वर्षांची पोरं घेतात असं ऐकलं, म्हणून हिनं खात्रीला आणखी एक टाकून सात सांगितली. मास्तरांनी सगळ्यांचीच जन्मतारीख एक जून लिहिली होती, हिचीही तीच लिहिली.

पुढं निराधार पोरांचं सरकारी अनुदान मिळू लागलं. पालक म्हणून अंगठा चतुराबाईचा. दरसाल शाळेचा दाखला, हयातीचा दाखला, तलाठ्याची सही. भोकरदनच्या कचेरीच्या पायऱ्या चढून तिचे गुडघे गेले. पण त्यातला रुपया तिनं कधी मिठालासुद्धा मोडला नाही. फी, वह्या आणि एसटीचा पास, एवढ्यावर पोर बारावीत गेली.

आणि सत्त्याण्णवच्या जूनमध्ये कारकुनानं कागद परत सरकवले. मुलगी अठराची झाली, अनुदान बंद. चतुराबाईनं खरं ते सांगून टाकलं, की पोर सोळाचीच आहे, तेव्हा मीच खोटं बोलले. कारकून काही वाईट माणूस नव्हता. जन्माची नोंद आणा म्हणाला. पोर घरात सुईणीच्या हातावर जन्मलेली, आणि सुईण मरून गेलेली. नोंद आणायची कुठून? परतताना बाईला रडूही येईना, इतकी ती थकली होती.

आठ दिवसांत चुलतभाऊ बद्रीनाथ धावडा गावचं स्थळ घेऊन हजर. दाखल्यावर अठरा पुरी आहेत, पोलिसाचं भय नाही, सरकारचा पैसाही थांबला. आता कशाला शिकवतेस, असं त्याचं म्हणणं. चतुराबाईनं पुन्हा सोळा सांगितली.

"अक्का, कागद काय म्हणतो ते बघ," बद्रीनाथ म्हणाला. "तुझ्या तोंडाला कोन इचारतं?"

एवढी वर्षं पोरीच्या वतीनं अंगठे देऊन चतुराबाई खरोखर कंटाळली होती.

"अठराची हाय म्हणतो ना? मंग मला कशाला इचारून राह्यला? तिलाच इचार."

चुलीपाशी बसलेली कौसल्या उठून दारात आली. "काका, मला लगीन न्हाई करायचं. बारावी करायचीय."

बद्रीनाथनं अक्काकडं पाहिलं. ती कोपऱ्यात खुरपं शोधत होती. पासाचे पैसे आता साठीत खुरपूनच काढायचे होते.