हमखास प्रवेश, खिडकी क्रमांक दोन

कॉलेजच्या खिडकीआड बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते झेरॉक्सची पिशवी घेऊन आपणहून येतात आणि वर "म्याडम, जरा बघा की" म्हणतात. भोरकडच्या आमच्या सरकारी कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर मी इतकी वर्षं बसलेय, की घरी कुणी बेल वाजवली तरी तोंडातून "ओरिजिनल आणलंय का?" असंच निघतं. थकलेय हो! त्यात तो जीआर आला.

युवा नेतृत्व पुरस्कार मिळालेल्या मुलामुलींना सरकारी कॉलेजात हमखास प्रवेश, मेरिट लिस्ट बघायची नाही. वाचून आमचे प्राचार्य म्हणाले, "कल्पना चांगली आहे." मी म्हटलं, "सर, आता बघाच, भोर-वेल्ह्यात किती नेते निघतात ते!"

* * *

पहिला नेता कामथडीचा. सोबत वडील, वडिलांच्या काखेत हातभर उंचीची ट्रॉफी.

मी मुलाला विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?"

वडिलांनी सांगितलं.

"पुरस्कार कशाबद्दल मिळाला?"

"रक्तदान शिबिर घेतलं त्यानं," वडीलच.

"अहो, त्याला बोलू द्या ना!"

वडील वैतागले. "म्याडम, त्याला न्हाई म्हायीत. शिबिराला मी हुतो!"

* * *

उत्रोलीचा एक गडी तर टेम्पो घेऊनच आला. टेम्पोत वाढदिवसाचा फ्लेक्स. गॉगल लावलेला हा मध्यभागी, खाली चाळीस मित्रांचे फोटो आणि वर भलं मोठं 'युवा नेतृत्व'.

"अरे, हा फ्लेक्स आहे. प्रमाणपत्र लागतं."

"प्रमाणपत्र कोण वाचतंय म्याडम? ह्ये अख्ख्या उत्रोलीनं वाचलंय!"

वाद घालायची ताकद नव्हती. त्याला घालवायचा म्हणून म्हटलं, "बरं, सरपंचांच्या सहीची झेरॉक्स आण, मग बघू."

दुसऱ्या दिवशी गडी हजर. तोच फ्लेक्स, पण टॉवेलाएवढा छापलेला. कोपऱ्यात मार्करनं सरपंचांची सही, वर शिक्का. "लहान करून आणलाय," म्हणाला, "फाइलीत बसंल!"

* * *

भाटघरकडच्या एका मंडळानं त्याहून सोपी युक्ती काढली. सतरा सभासद, सतराही जणांना नेतृत्व पुरस्कार. देणारं मंडळ तेच, घेणारं तेच, शाल मात्र एकच. फोटो काढायचा, शाल पुढच्याच्या खांद्यावर.

मी त्यांच्या अध्यक्षाला विचारलं, "सगळेच नेते, तर मागून चालतं कोण?"

"मागं कोन राहायला तयारच न्हाई म्याडम, म्हनून तर भांडनं व्हत्यात!"

तेवढ्यात वरून पत्र आलं, की नेतृत्वाची खातरजमा महाविद्यालयाने आपल्या स्तरावर करावी. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कशी करू हो? ग्राउंडवर उभे करून बघू, कुणाच्या मागे किती जातात ते?"

* * *

एक किस्सा हसण्यासारखा नाही, पण सांगते. एका मुलीला मार्क चांगले होते, पण थोडक्यात यादीतून राहिली. आई सोबत होती, हाताला चिखल तसाच. यादी वाचून झाल्यावर मला म्हणाली, "बाई, त्यो पुरस्कार कुठं मिळतो? हिला घरच्या कामातनं येळच न्हाई घावला बघा, नेता व्हायला."

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. स्वतःच्या नोकरीची लाज वाटली.

* * *

आता सुवर्णाचं. वेल्ह्याच्या डोंगरातली पोरगी. हिचा पुरस्कार मात्र खरा. वाडीपर्यंत एसटी येत नव्हती, तर हिनं घरोघर सह्या गोळा केल्या, डेपोत हेलपाटे घातले आणि एसटी आणली. त्याच एसटीनं शेवटच्या तारखेला ती आली, सोबत त्या बाजूची अकरा पोरं. कुणाच्याच घरात कॉलेजपर्यंत पोचलेलं कुणी नाही, त्यामुळे फॉर्म कसा भरतात याचा पत्ता नाही.

सर्व्हर तीनपर्यंत बंद. पोर्टल पाचला आपोआप मिटणार. सुवर्णानं रांग लावली. कुणाचा दाखला शोध, कुणाचा फोटो चिकटव, एकाचा मोबाईलच चालू होईना, त्याचा ओटीपी स्वतःच्या नंबरवर घे. "म्याडम, ह्याचं झालं, पुढचा घ्या!" मी मान खाली घालून टाइप करत होते. अकरावा फॉर्म गेला आणि ती स्वतःची फाइल घेऊन पुढं आली. तेवढ्यात पाच वाजले. पोर्टल बंद.

"अगं, तुझा आधी नाही का भरायचास?"

"माझी तर हमी हाय ना म्याडम. म्हनून मी मागं थांबले."

हमी जागेची होती, वेळेची नव्हती. हे तिला मलाच समजावून सांगावं लागलं. आता वर्षभर घरी, आणि घरी बसलेल्या मुलीचं आमच्याकडे पुढं काय होतं ते मला ठाऊक आहे. ती "बरं" म्हणाली आणि पोरांना घेऊन स्टँडकडे गेली. दिवसभर ती माझ्या समोर होती. एकदा, फक्त एकदा मान वर करून "तुझं काय गं?" विचारलं असतं तर! स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर समोर तीच अकरा पोरं. हातात वहीच्या पानांवर लिहिलेले अर्ज.

"आमचं फॉर्म मागं घ्यायचंत."

मी त्यांना तशीच प्राचार्यांपुढं उभी केली. सर ओरडले, "वेड लागलंय का? वर्ष फुकट जाईल तुमचं!"

"जाऊ द्या. तिचं भरून घ्या, मग आमचं ठेवा."

सरांनी ते अकरा कागद हातात घेतले. मग वरच्या ऑफिसला फोन लावला. तिकडं रिंग जात होती तेवढ्यात त्यांनी पोरांना विचारलं, "खरं सांगा, तिनंच पाठवलंय ना तुम्हाला?"

पोरं घाबरली. पुढचा म्हणाला, "न्हाई सर. ती भात लावाय गेलीया. तिला सांगू नका, लई रागवंल आमाला!"