हवा मोजणारी बाई

इस्पितळाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांपलीकडे, एक लोखंडी यंत्र उभं होतं. वारा येईल तिकडे ते तोंड फिरवायचं आणि दिवसभर हवा आत ओढत राहायचं. आतल्या, तासागणिक पुढे सरकणाऱ्या चिकट पट्टीवर हवेतलं जे असेल ते बसायचं: धूळ, काजळी आणि झाडांचे परागकण. रोज सकाळी साडेसातला एक बाई जिना चढून यायची, जुनी पट्टी काढून नवी लावायची आणि खालच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कण मोजत बसायची. एकवीस वर्षं तिनं हेच केलं. सगळे तिला मोजणीबाई म्हणत. नर्सबायका दारातून डोकावून विचारत, "काय मोजणीबाई, कुठवर आलं?" ती मान वर न करता नुसता हात दाखवायची. बोललं की आकडा चुकायचा.

हे काम तिनं उगाच धरलं नव्हतं. तिच्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून दमा होता. थंडी सरून झाडांना शेपटांसारखे तुरे लोंबू लागले की धाकटीची छाती वाजायला लागायची. आई तिला पाठीशी उशा लावून बसवायची आणि थोरलीला म्हणायची, "हिच्याकडे लक्ष ठेव." थोरलीनं ते जन्माचं काम समजून ठेवलं.

पुढे धाकटीचं लग्न झालं, मुलगी झाली, तरी लक्ष ठेवणं सुटलं नाही. मोजणी झाली की आकडा दर्शनी दारातल्या फळ्यावर जायच्या आधी बहिणीला फोन जायचा. "आज ऊन आणि कोरडा वारा आहे, खिडक्या लाव." "आज हवा दमट आहे, कण उडायचे नाहीत, बाजारात जाऊन ये." धाकटीचा नवरा हसायचा. म्हणायचा, "ताईंच्या परवानगीशिवाय आमच्या घरात श्वाससुद्धा कोणी घेत नाही."

त्या वर्षी थंडी नावालाच पडली. झाडं अठरा दिवस आधी फुलली. त्यात सलग सहा दिवस कोरडा, गरम वारा. गाड्यांच्या काचांवर, पायऱ्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळी भुकटी बसली. एकवीस वर्षांत निघाला नव्हता एवढा आकडा निघाला. धाकटी सहा दिवस दारं लावून घरात बसली आणि कावली.

सहाव्या दिवशी चारच्या सुमारास तिचा फोन आला.

"ताई, ढग भरून आलेत. आता तरी उघडू का? जीव गुदमरलाय नुसता."

थोरलीनं खिडकीतून वर पाहिलं. आभाळ काळंभोर झालं होतं. "पाऊस सुरू होऊ दे, मग उघड," ती म्हणाली. "पावसानं हवा धुऊन निघते."

यात खोटं काही नव्हतं. संततधार लागली की कण खाली बसतात, हे तिनं शेकडो पट्ट्यांवर पाहिलं होतं. पण हा पाऊस तसला नव्हता. आधी सोसाट्याचा वारा आला, मग विजा, आणि मग मोठमोठे, विरळ थेंब. अशा वादळात कण दमट हवेत भिजून फुगतात आणि फुटतात. अख्खा कण नाकात अडकतो, पण त्याचा चुरा थेट छातीत उतरतो, आणि ढगातून खाली झेपावणारा गार वारा तो चुरा माणसांच्या तोंडापर्यंत आणून सोडतो. हे तिनं कधीतरी एका अहवालात वाचलं होतं. दुसरीकडे कुठेतरी घडलेलं, क्वचित घडणारं. त्या क्षणी ते तिच्या डोक्यातही आलं नाही.

तासाभरात इस्पितळाच्या दारात रांग लागली. ज्यांना कधी साधी शिंक आली नव्हती तीही माणसं छाती धरून बसली होती. खाटा संपल्या, माणसं बाकांवर, मग जमिनीवर. मोजणीबाई गोंधळ ऐकून खाली आली, तेव्हा धाकटीचा नवरा बायकोला दोन्ही हातांवर घेऊन आत येत होता. तिचे ओठ निळे पडले होते.

"पंप चारदा दिला," तो म्हणत होता. "चारदा दिला, ताई."

थोरलीनं बहिणीचा हात धरला. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, पण बोलायलासुद्धा हवा लागते. पाच वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांनी हात थांबवले.

तिसऱ्या दिवशी ती कामावर आली. वादळाच्या दिवसाची पट्टी कोणी मोजली नव्हती. तिनं वादळाच्या तासांचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली लावला. अख्खे कण थोडेच होते. बाकी सगळा चुरा, फुटक्या टरफलांचा. नियमाप्रमाणे मोजायचे ते अख्खे कण. तेवढे मोजले तर त्या संध्याकाळच्या नावापुढे "कमी" असं लिहावं लागणार होतं.

"मी असं लिहिणार नाही," ती साहेबांना म्हणाली.

"तक्त्यात चुऱ्याला रकाना नाही, बाई."

"मग रकाना पाडा. त्या दिवशी इथे नऊ माणसं गेली."

साहेबांनी तक्ता स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "वर लिहून बघतो." उत्तर यायला सात महिने लागले. तोवर फळ्यावर आकड्याखाली ती स्वतःच खडूनं लिहायची: वादळाची चिन्हं असतील तर दमेकऱ्यांनी दारं लावून घ्यावीत, पाऊस थांबला तरी लगेच बाहेर पडू नये. कोणी पुसलं नाही.

धाकटीच्या घरी जायला तिला महिना लागला. नवऱ्यानं दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसून विचारलं, "दार उघड म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"हो," ती म्हणाली.

तो मान हलवत राहिला. मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. मावशी तिला जवळ बोलावू शकली नाही.

नंतरच्या रविवारी त्यानं निरोप पाठवला: अंगणातलं तुऱ्यांचं झाड पाडतोय, या. ती गेली. दोन माणसं करवतीनं बुंधा कापत होती. तिला ठाऊक होतं की यातून काही साधणार नाही. पराग वाऱ्यावर कोसच्या कोस येतो. त्या सहा दिवसांत गावावर बसलेला बहुतेक पिवळा थर डोंगरापलीकडच्या रानातला होता. हे एक झाड गेलं तर पट्टीवर फरकही दिसला नसता. पण त्याच्या तोंडाकडे पाहून ती काही बोलली नाही.

झाड आडवं झालं. ती पदर खोचून फांद्या ओढायला लागली. थोड्या वेळानं त्यानं एका जड फांदीचं दुसरं टोक उचललं.

"सावकाश, ताई," तो म्हणाला. "पुढे पायरी आहे."