जॉइंट फोटो

कुटुंब न्यायालयात वकिलीची वीस वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत. कोटाच्या खिशात सुट्टे पैसे साठावेत तसे ते साठतात, आणि हात घातला की नेमका नको तोच वर येतो!

*

घटस्फोटाला आलेल्या जोडप्याकडून मी सामानाच्या दोन वेगवेगळ्या याद्या करून घेते. बुटीबोरीच्या एका सुपरवायझरने आपल्या यादीत कुकर लिहिला. बायकोने लिहिलं, 'कुकरची शिट्टी'. दोघंही हटेनात! शेवटी तसंच वाटप झालं. दोघंही जिंकल्यासारखं तोंड करून गेले.

*

नरखेडच्या एका अशिलाने बायकोला हिस्सा जाऊ नये म्हणून संत्र्याची बाग भावाच्या नावावर केली. मी नको म्हटलं होतं. घटस्फोट झाला आणि भावाने बाग परत द्यायला साफ नकार दिला. हा पुन्हा माझ्यासमोर हजर.

"मॅडम, भावापासून घटस्फोट भेटते का?"

*

शोभाताईंच्या वेळी मात्र चूक माझीच. नवरा वसंतराव सरकारी नोकरीत, रिटायरमेंटला वर्ष उरलेलं, आठ वर्षांपासून सावनेरला दुसरीसोबत राहणारा. त्याने ग्रॅच्युइटीतला निम्मा वाटा कबूल केला, दोघांनी संमतीच्या अर्जावर सह्या केल्या. घटस्फोटानंतर नवरा गेला तर बायकोला फॅमिली पेन्शन मिळत नाही, हे सांगायचंच मी विसरले! आठवलं तेव्हा ओशाळून फोन केला.

पुढच्या तारखेला जजसाहेबांनी विचारलं, "संमती कायम आहे ना?"

"नाही साहेब. मले घटस्फोट नाही पाहिजे. मले विधवा व्हायचं आहे."

कोर्टात काही जण हसले. मला मात्र माझाच राग आला. तो सोडून जाईपर्यंत वीस-बावीस वर्षं त्याचे डबे भरून बाईच्या हाती एवढंच उरलं होतं.

*

पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा जॉइंट फोटो लागतो. वसंतराव मुकाट स्टुडिओत आले. एकटीने जायचं नव्हतं म्हणून शोभाताईंनी मलाही सोबत नेलं.

"वेगवेगळे काढून जोडता येत नाही का गा?" वसंतरावांनी फोटोग्राफरला विचारलं.

"ऑफिसवाले परत पाठवतात, काका. सरका जवळ. काकू, जरा हसा ना!"

शोभाताई दगडासारख्या बसून होत्या. तेवढ्यात वसंतरावांना खोकल्याची उबळ आली. थांबता थांबेना. फोटोग्राफरने पाणी आणून दिलं.

"कधीपासून खोकून राहिले?" शोभाताईंनी विचारलं.

"महिना झाला. काहून वं?"

शोभाताईंनी पदर नीट केला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि छान हसल्या.